गुरुवारचा उशीर

चंद्राआत्यांनी चप्पल काढायच्या आधीच विषय काढला. "काल मॅजेस्टिकला मला कोण दिसलं, सांगू?" आणि सिद्धीच्या हातातली देवीची निरी सुटली.

वरमहालक्ष्मीचा शुक्रवार. सकाळची पूजा आटोपली होती, पण हारांच्या ओझ्यानं कलशावरच्या देवीची साडी घसरली होती. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला यायच्या आत ती नीट करायला सिद्धी गुडघ्यांवर बसली होती, ओठांत टाचण्या धरून. हे काम दरवर्षी तिचंच. पुण्याहून लग्न होऊन बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये आली त्याच वर्षी सासूबाईंनी, म्हणजे अम्मांनी, 'हिच्या हाताला गुण आहे' असं जाहीर करून टाकलं होतं. देवीनं काय नेसावं, कसं नेसावं यावर या घरात दोन दोन दिवस खल चालतो. सुनेच्या कपड्यांवर तर वर्षभर चालतो. फक्त त्यात सुनेला मत नसतं.

"कोण दिसलं?" अम्मा स्वयंपाकघरातून म्हणाल्या. कोसंबरीसाठी काकडी चोचवण्याचा आवाज थांबला नव्हता.

"तुझी सून." आत्या, सिद्धीच्या सासऱ्यांची बहीण, पाय धुवायला न्हाणीकडे जाता जाताच बोलत होत्या. चामराजपेटेतून इथवर येईपर्यंत दीड तास त्यांनी हे वाक्य तोंडात धरून ठेवलं असणार. "मी विजयनगरला लेकीकडे फळं द्यायला निघाले होते. मॅजेस्टिकच्या मेट्रो स्टेशनात गाडी बदलायला खाली उतरते, तर बाकावर ही. एकटी. शर्ट घालून."

काकडीचा आवाज थांबला.

"काल?" स्मृतीअक्का म्हणाली. ही सिद्धीच्या नवऱ्याची, सुमंतची मोठी बहीण. सणाला म्हणून सकाळीच आली होती आणि ताटं पुसत होती. "काल गुरुवार. गुरुवारी तर तुझा ऑफिसचा कॉल असतो ना गं आठपर्यंत? अम्मा मला फोनवर सांगत होती, गुरुवारचा स्वयंपाक तिच्यावर पडतो म्हणून."

सिद्धीनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. उत्तर द्यायला तेवढाच वेळ मिळाला.

कॉल नव्हताच. कधीच नव्हता. आठवड्यातले बाकीचे दिवस हे असे: सकाळी उठून डबे, मुलीची बस, व्हाइटफील्डची कॅब, कॅबमध्येच पहिली मीटिंग, परतीच्या कॅबमध्ये शेवटची, घरी आल्यावर मुलीचा डान्स, कुकर, उद्याची भाजी. गुरुवारी मात्र ती पाचला ऑफिसातून निघायची. बाथरूममध्ये कुर्ता काढून शर्ट चढवायची, केस वर बांधायची आणि मेट्रोत बसून सरळ मॅजेस्टिकला जायची. तिथल्या बाकावर बसायचं आणि माणसं बघायची. माणसं म्हणजे बायका. आणि बायका म्हणजे त्यांचे कपडे. बँकेतली एक बाई लॅपटॉपची बॅग अडकते म्हणून पदर कमरेभोवती घेऊन मागे पिन लावायची. काय देखणं दिसायचं ते! एक नर्स पांढऱ्या गणवेशावर नवऱ्याचा असावा असा चौकड्यांचा शर्ट बटणं न लावता घालायची. फुलांची टोपली घेतलेली एक म्हातारी, साडीवर पुरुषी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सिद्धी बघायची, मनात ठेवायची, कधी कडुगोडीच्या शिंप्याला हातवारे करून सांगायची. मग परतीच्या गाडीनं के. आर. पुरमला उतरायची, स्टेशनच्या बाथरूममध्ये पुन्हा कुर्ता घालायची आणि रिक्षा पकडायची. आठवड्यातून तेवढे दोन-तीन तास तिला कुणी हाक मारत नसे.

तेच आता जाणार, हे तिला लख्ख कळलं. शर्ट गेला तर गेला. गुरुवार जाणार.

"सुम्मने गेली असेल," बाल्कनीतून अण्णा म्हणाले. सासरे. पेपर खाली न करता. सुम्मने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. बेंगळुरूत हा शब्द रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना चालतो. अण्णा स्वतः रोज संध्याकाळी सुम्मने खाली जातात आणि वॉचमनशी तासभर गप्पा मारून येतात.

"तुम्ही गप्प बसा!" अम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या. "सुम्मने कोण जातं मॅजेस्टिकला?"

"आणि शर्टाचं तर ऐकून घ्या," आत्या म्हणाल्या. "साधासुधा नव्हे. माझ्या खणाचा शर्ट!"

हे ऐकल्यावर अम्मांचा चेहरा बदलला. हे सिद्धीच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

या घराण्यातल्या बायकांचं एक शास्त्र आहे. ओटीत आलेले खण, ब्लाउजपीस शिवायचे नसतात. ते फिरवायचे असतात. हिच्याकडून आलेला तिच्या ओटीत, तिच्याकडून आलेला तिसरीच्या. एक जांभळा ब्लाउजपीस तर स्मृतीअक्काच्या लग्नापासून अख्ख्या भावकीत फिरतो आहे आणि त्याची घडी अजून कुणी मोडलेली नाही. अम्मांच्या कपाटात खाली त्यासाठी एक ड्रॉवरच आहे. सिद्धीला वाटलं होतं, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही असे हे कपडे, त्यातले चार गेले तर कुणाला कळणार? बाहेरून आलेल्या माणसाची ही चूक. जे शिवायचं नाही, घालायचं नाही, तेच या बायकांना तोंडपाठ असतं. कुणी कुणाला कधी कोणता दिला, हे विसरलं तर ज्याचा त्याला परत जाईल आणि शोभा होईल, म्हणून त्या जन्मभर लक्षात ठेवतात.

"गुळेदगुड्डचा खण तो," आत्या म्हणाल्या. "हिरवा, लाल काठांचा. मी स्वतः आणलेला. शंभर माणसांत ओळखीन. पाठीवर काठ उभा लावला होता हिनं. उभा!"

सुमंत आतल्या खोलीतून बाहेर आला. कानांतले हेडफोन गळ्यात लोंबत होते. तो घरूनच काम करायचा. "काय चाललंय? क्लायंट ऐकतोय सगळं."

स्मृतीअक्कानं त्याला सांगितलं. तिनं दोन वाक्यांत सांगितलं आणि दोन्ही वाक्यांत 'एकटी' हा शब्द घातला.

सुमंत सिद्धीकडे वळला. मग त्यानं तेच विचारलं जे जगातला कुठलाही नवरा विचारतो. "कुणाला भेटायला गेली होतीस?"

"कुणालाच नाही."

"मग कशाला गेली होतीस?"

"बसायला."

"बसायला इतक्या लांब? बाल्कनी आहे की."

"बाल्कनीत अण्णा असतात."

"सिद्धी, प्लीज. कोण आहे ते सांग."

"अरे, कोणी नाहीये! मी बायका बघते. कपडे बघते त्यांचे. कोण काय घालतं, कसं घालतं. मग वाटलं तर तसं काहीतरी शिवून घेते. दॅट्स इट."

सिद्धीला त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं की हे कुणालाच पटलेलं नाही. नुसतं पटलेलं नाही असंही नाही, कळलेलंच नाही. एखादा पुरुष असता तर सगळ्यांना कळलं असतं. त्यावर काय करायचं हे घराण्याला ठाऊक होतं. रडणं, शपथा, पुण्याला फोन, थोरल्यांची बैठक, सगळं तयार होतं. हा सुमंत दर रविवारी पहाटे चड्डीला पॅड लावून, दहा सायकलवाल्यांबरोबर नंदीच्या डोंगरावर जातो. कुणाला भेटतोस म्हणून आजवर एकानं विचारलं नाही. उलट अम्मा त्याला खजूर बांधून देतात. बाई बाकावर बसली की मात्र बाकावर आणखी कोण होतं ते शोधायचं.

पण ती चिडलेली असताना तिच्याच मनात दुसरं एक चाललं होतं. खरंच, कशाला जाते मी? कपड्यांसाठी? मग मोबाइलवर हजारो कपडे दिसतात की. तिला स्वतःलाच धड उत्तर देता येत नव्हतं, आणि ज्याचं उत्तर नाही त्यासाठी भांडायचं कसं?

तेवढ्यात अम्मा बोलल्या.

"मठात जाते ती."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"गुरुवारी. राघवेंद्रस्वामींच्या मठात. मीच पाठवते." अम्मा देवीकडे बघत नव्हत्या, आत्यांकडे बघत होत्या. "नवस आहे. नवसाचं सगळ्यांना सांगत फिरतात का? म्हणून कॉल म्हणायचं ठरलं आमचं."

किती सोपं झालं सगळं! सुमंतचे खांदे खाली आले. स्मृतीअक्कानं ताट पुसायला घेतलं. आत्यांचंसुद्धा तोंड मऊ पडलं. "मग आधी सांगायचंस की गो, वहिनी. गुरुवारी रायरांकडे जायचं म्हणजे चांगलंच. पण शर्ट घालून?"

"ऑफिसातून परभारे जाते. वर ओढणी घेते," अम्मा म्हणाल्या. खोट्याला त्यांनी ओढणीही दिली.

ही बाई, जिनं सिद्धीला आजवर एकदाही 'दमलीस का' म्हणून विचारलं नाही, ती तिच्यासाठी घरात देवी बसलेली असताना खोटं बोलत होती. का? प्रेम म्हणून? की नणंदेपुढे घराची अब्रू राहावी म्हणून? दोन्ही असेल. गप्प बसलं तर गुरुवार वाचत होता. नुसतं मान खाली घालून 'हो' म्हणायचं होतं.

"बरं झालं," आत्या म्हणाल्या. "मग दर गुरुवारी माझ्यासाठी मंत्राक्षता आण. माझ्या गुडघ्यांसाठी. इथे ठेवत जा, मी माणूस पाठवीन."

"हो, आणि मलाही," स्मृतीअक्का म्हणाली. "परीक्षा आहेत पोरांच्या."

"मीच येईन की कधी तिच्याबरोबर," अम्मा म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातून खोटं कधी गळून पडलं, त्यांनाही कळलं नसावं. "मलाही फार दिवस झाले जाऊन. पुढच्याच गुरुवारी जाऊ."

सिद्धीला ती रांग दिसली. प्रदक्षिणा दिसल्या. अम्मांची पिशवी, अम्मांची पाण्याची बाटली, परतीच्या रिक्षात मांडीवर प्रसादाचा डबा. गुरुवार तिच्या नावावर राहणार होता आणि त्यात तिच्यासाठी मिनिटभरही जागा उरणार नव्हती.

"मी मठात जात नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण अण्णांनी पेपर खाली केला.

"एकदाही गेले नाहीये. अम्मा माझ्यासाठी म्हणाल्या तसं. थँक यू, अम्मा. पण मी मॅजेस्टिकला जाते, बाकावर बसते आणि परत येते."

अम्मांनी तिच्याकडे बघितलं. राग नंतर आला. आधी आलं ते आश्चर्य, ज्याला हात दिला त्यानंच तो पिरगळावा तसं. "देवीसमोर खोटं बोलले मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्यासाठी. आणि तू मला हिच्यासमोर तोंडघशी पाडलंस?"

"अम्मा, मला तसं..."

"काय कमी आहे तुला? साड्या आहेत, कुर्ते आहेत. दिवाळीला मी घेते, पाडव्याला सुमंत घेतो. कोण काय घालतं ते बघायला तुला स्टेशनवर जाऊन बसावं लागतं? आणि माझ्या कपाटातून चोरून?"

"एक मिनिट. स्वल्प थांब, वहिनी." या आत्या होत्या. सोफ्यावरून पुढे सरकल्या. "कपाटातून म्हणजे कुठून? सिद्धी, खण कुठं मिळाला तुला?"

सिद्धीला प्रश्नाचा रोख कळला नाही. थकलेल्या माणसासारखं तिनं खरं ते सांगून टाकलं. "खालच्या ड्रॉवरमधून. फिरवायच्या कपड्यांतून."

"फिरवायच्या?"

आत्या अम्मांकडे वळल्या.

"फिरवायच्या कपड्यांत टाकलास तू तो?" आत्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी तो ओटीत दिला नव्हता, वहिनी. ओटीसारखा वाटला होता का सगळ्यांना? हातात दिला होता, तुझ्या साठीला. शिवून घाल म्हणाले होते. तू म्हणालीस, जपून ठेवते."

"जपूनच ठेवला होता."

"पॉलिएस्टरच्या चिंध्यांबरोबर? पुढच्या कुणाच्या गळ्यात मारायला?"

"अय्यो, गळ्यात काय मारायचंय! माझ्याकडे हिरवी साडी कुठाय त्याच्यावर? तुम्ही दरवर्षी काहीतरी देता आणि दरवर्षी विचारता, घातलंस का, घातलंस का. माझी छाती दडपते, आत्या!" अम्मा चिडल्या की नणंदेला मुलांसारखं आत्या म्हणत. "तुम्हाला तुमचा खण वापरलेला बघायचा होता ना? बघितलात की काल मॅजेस्टिकला!"

"हो, बघितला!" आत्या म्हणाल्या. "आणि चांगला दिसत होता!"

हे बोलून त्या स्वतःच चपापल्या.

स्मृतीअक्कानं ताट आपटलं. "म्हणजे आता अम्माची चूक? हिनं घरात चोरी केली, खोटं बोलली, देवीसमोर अम्माला खोटं पाडलं, आणि चूक अम्माची? आत्या, तू आल्यापासून कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही! माझा खण आहे, मी माझ्या खणाच्या बाजूनं आहे!" आत्यांनी सिद्धीकडे बघितलं, मग तिच्या मागच्या देवीकडे. "आणि हा पदर असा कमरेवरून कुठनं काढलास यंदा? हाही स्टेशनवरचा का?"

"हो," सिद्धी म्हणाली. "बँकेतली एक बाई आहे."

"सरी, बरं," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

सिद्धी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बाहेर आता तिघी एकदम बोलत होत्या आणि तिचं नाव मधूनमधूनच येत होतं. जी आरोप करायला आली ती तिच्या बाजूला झुकली होती, जी वाचवायला धावली ती वैरीण झाली होती, आणि गुरुवारचं काय ठरलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं अर्धवट राहिलेली काकडी ओढली. चोचवता तिला कधीच यायचं नाही. ती जाड जाड फोडी करत राहिली.

सुमंत आत आला. दार लोटलं.

"मी विचार केला," तो म्हणाला. सुमंतनं विचार केला की तो आधी तसं सांगत असे. "तू पूर्ण वर्क फ्रॉम होम घे. मॅनेजरशी मी बोलू का? प्रवास वाचेल, दगदग वाचेल. दगदगीनंच होतंय हे तुला."

"काय होतंय मला?"

"हेच. हे बसणं वगैरे."

सिद्धीनं सुरी खाली ठेवली. "सुमंत, घरी बसले तर मी मरेन."

त्यानं हे ऐकलं. खरंच ऐकलं असावं, कारण तो ओट्याला टेकला. हेडफोन गळ्यातून काढून हातात गुंडाळत राहिला. बाहेर बेल वाजली. पहिल्या बायका आल्या. "या, या," असं आत्या मोठ्यानं म्हणाल्या. तो आवाज आताच भांडलेल्या बाईचा वाटत नव्हता.

"ठीक आहे," सुमंत म्हणाला. "मग मी येतो."

"कुठं?"

"मॅजेस्टिकला. पुढच्या गुरुवारी. सहाचा कॉल मी हलवतो. आपण दोघं बसू बाकावर. तू बघ काय बघायचं ते, मी काही बोलणार नाही. कॉफी घेऊन येऊ येताना. मग कुणाला काही म्हणायलाच नको." तो हसला. अवघडून, पण मनापासून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो असा हसायचा.

सिद्धीला तो त्या क्षणी फार आवडला. तो आला असता तर सगळं सरळ झालं असतं. अम्मांनी डबा दिला असता. आत्यांनी चार घरी कौतुक केलं असतं, नवराबायको आठवड्यातून एकदा फिरायला जातात म्हणून. अण्णाही 'सुम्मने गेलेत' असं म्हणू शकले असते आणि कुणी त्यांना गप्प केलं नसतं. याला नाही म्हणायला माणूस वेडाच असायला हवा.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"माहीत नाही."

"मी बोलणार नाही म्हटलं ना?"

"तू बोलशील म्हणून नाही."

"मग?"

तिनं खरंच शोधून बघितलं. काकडीकडे बघत, ओट्याच्या कडेकडे बघत. जे होतं ते शब्दांत येत नव्हतं, आणि जे शब्दांत येत होतं ते त्याला लागलं असतं. "तू चांगला आहेस, रे," ती म्हणाली. "पण येऊ नकोस."

सुमंतच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथंच राहिलं, पण त्याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. "मग बाहेर अम्माला काय सांगू मी? ती विचारेल."

"सांग, गुरुवारी मला उशीर होईल."

"कॉल आहे म्हणून?"

"नाही. कॉल नाही. नुसतं उशीर होईल म्हणून सांग."

त्यानं हेडफोन पुन्हा गळ्यात अडकवले. मग दार उघडून बाहेर गेला. बायकांच्या बोलण्याचा, बांगड्यांचा, देवीचे फोटो काढण्याचा गलका आत आला. सिद्धी दाराआड उभी राहून ऐकत होती.

"काय म्हणाली?" अम्मांनी दबक्या आवाजात विचारलं.

"गुरुवारी तिला उशीर होईल म्हणाली."

"का?"

दिवाणखान्यात कुणीतरी पदराचं कौतुक करत होतं, कुणीतरी पाठीमागून नीट बघू द्या म्हणत होतं. सिद्धीला वाटलं, आता तो म्हणेल, तूच विचार तिला. किंवा म्हणेल, मी बघतो काय करायचं ते.

"होईल, अम्मा," सुमंत म्हणाला. "उशीर होईल."

तो तिच्या बाजूनं बोलला की नुसता कंटाळून, हे तिला दाराआडून कळलं नाही.